दहिवलीची चिंचोक्यांची शाळा

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाने कर्जत पाहिलेलं असतं, आणि जवळजवळ कोणीच कर्जतला उतरलेलं नसतं. गाडी घाट उतरून येते, थोडी विसावते, आपण खिडकीतून हात काढून चहा घेतो आणि पुढे जातो. मीही आजवर तेच केलं होतं. या नाताळच्या सुट्टीत मात्र माझी पाच वर्षांची शांता, एक वळकटी आणि फराळाचा डबा एवढं घेऊन मी तिथे उतरले. गाडी आम्हाला सोडून निघून गेली.

आमच्या शाळेचा शिशुवर्ग येत्या जूनपासून माझ्याकडे यायचा आहे. माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण गोदू हिने कर्जतजवळ दहिवलीला, आपल्या सासऱ्यांच्या घराच्या पडवीत, लहान मुलांची शाळा काढली आहे. मुलाच्या हातात पाटी देण्याआधी वस्तू द्याव्यात, अंक शिकवण्याआधी मोजू द्यावं, उत्तर सांगण्याआधी पाहू द्यावं, ही नवी पद्धत आम्ही दोघी एकाच बाकावर बसून शिकलो. मी ती परीक्षेपुरती शिकले. गोदूने ती खरी मानली.

गोदूच्या शाळेत वर्ष होत आलं तरी पाढा म्हणून नाही, हे कळल्यावर मला हसू आलं होतं. आमच्या शांताला बारापर्यंत पाढे येतात. तिच्या वडिलांनी रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन शिकवलेत. तेव्हा खरं सांगायचं तर मी ती शाळा पाहायला नव्हे, जोखायला निघाले होते.

कर्जत ते दहिवली

स्टेशनबाहेर गोदूने पाठवलेली बैलगाडी उभी होती. गाडीवान गोमाजी, पांढऱ्या मिशांचा, डोक्याला लाल पटका. शांताला उचलून पेंढ्यावर बसवत त्याने विचारलं, "ही पन शाळंला जातंय का?"

"जाते की. तुमच्याकडचं कोणी जातं का?"

"आमची नात हाय ना, ठकी. गोदूबाईंकडंच." बैल हाकत तो म्हणाला, "लई ताप झालाय बगा घरात. म्हातारीनं भाकरीचं दोन तुकडं केलं, की ही एकावर एक ठेवून बगतंय, सारकं हायती का. सारकं नसलं तर म्हंतंय, हे अर्दं नाय!"

"मग?"

"मग काय! म्हातारी आता सुरी घेऊन कापतंय."

तो हसला, पण त्याच्या आवाजात कौतुक होतं की तक्रार, ते मला ओळखता आलं नाही.

भातं कापून झाली होती. खाचरांत पिवळे खुंट उरले होते आणि त्यांच्या मधून वालाचे हिरवे वेल शेंगा धरत होते. खळ्यांवर भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या. मागे वळून पाहिलं तर घाटाचे डोंगर सकाळच्या उन्हात निळे दिसत होते. मी ज्या डोंगरांच्या माथ्यावरून नेहमी खाली पाहते, त्यांना तळातून पाहण्याची ही पहिलीच वेळ. आपल्याकडे घाटावर थंडी म्हणजे शाल आणि सुकलेले ओठ. इथली थंडी ओलसर, मऊ. तिला पेंढ्याचा वास येतो.

उल्हास नदी ओलांडली आणि दहिवली आली. गोदू अंगणातच उभी होती. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. लुगडं साधं, चेहरा उन्हाने रापलेला. पण हसली, तशी वर्गात बाकाखालून मला चिमटे काढणारी तीच गोदू.

"इंदे, बारीक झालीस गं!"

"आणि तू काळी."

पडवीत कट्ट्यावर तात्या बसले होते, गोदूचे सासरे. सत्तरी उलटलेली, ताठ बसणं, डोक्याला पगडी. आयुष्यभर त्यांनी याच पडवीत गावठी शाळा चालवली. आसपासच्या गावांतले निम्मे कर्ते पुरुष त्यांच्या छडीखाली शिकलेले. मी नमस्कार केला, शांतानेही केला. तेव्हा त्यांनी तिला पहिला प्रश्न टाकला, "किती पाढे येतात?"

"बारा," शांता म्हणाली.

तात्यांचा चेहरा उजळला. गोदूकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "असं असावं."

दुपारी भाकरी थापता थापता गोदूने सगळं सांगितलं. नवरा गेल्यावर लोक नको म्हणत असताना तात्यांनीच तिला शिकायला पुण्याला धाडलं होतं. पडवीही त्यांनीच दिली. पण आता गावातले लोक त्यांच्याकडे येऊन कुरकुर करू लागले होते. तात्या, तुमच्या पडवीत पोरं दिवसभर चिंचोके खेळतात, तुमच्या वेळी असं होतं का? म्हाताऱ्याला ते लागलं होतं. त्यांनी ठरवलं, येत्या मंगळवारी आईबापांच्या समोर आपण स्वतः परीक्षा घ्यायची. मुलांना पाढे आले नाहीत तर पडवी परत आपल्याकडे, आणि छडीही.

"आणि येतात का पाढे?" मी विचारलं.

"नाही," गोदू म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

पडवीतला वर्ग

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं आली. वीसेक असतील, चार ते सहा वर्षांची. गोमाजीची ठकी, गोल चेहऱ्याची, सतत बोलणारी. बाजारातल्या धान्याच्या दुकानवाल्या हमीदभाईंची जैनब, डोळ्यांत सुरमा, हातात हिरव्या बांगड्या. आणि डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतून बापाच्या खांद्यावर बसून येणारी बुधी. ती बोलत नाही, बघते.

पडवीत चिंचोक्यांची एक मोठी टोपली, करवंट्या, सुपाऱ्या, नदीतले गोटे, निरनिराळ्या झाडांची पानं आणि हमीदभाईंनी दिलेली एक जुनी तागडी. परदेशी पद्धतीत यासाठी रंगीत लाकडी ठोकळ्यांच्या पेट्या असतात. एवढ्या लहान गावात त्या कुठून आणायच्या, या काळजीत मी असते तर वर्ग उघडलाच नसता. गोदूने चिंचेखाली पदर पसरला.

मध्यभागी पाण्याने भरलेलं घंगाळ होतं. एकेक मूल येई आणि एक वस्तू पाण्यात सोडी. सोडण्याआधी सांगायचं, बुडेल की तरंगेल. खिळा बुडाला. करवंटी तरंगली. मग जैनबने करवंटीत खिळा ठेवला आणि श्वास रोखून ती पाण्यात सोडली. तरंगली!

"खिला तिच्या मांडीवर बसला!" जैनब ओरडली.

ठकीने काटकी टाकली, ती तरंगली. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर, लाकूड तरंगतं." गोदूने मला कोपराने ढोसलं. "तू सांगू नकोस ना गं!" बुधी माझ्याकडे नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने घरून खैराच्या गाभ्याचा एक लालसर, जड तुकडा आणला आणि काही न बोलता घंगाळात सोडला. तो थेट तळाला गेला. सगळी पोरं घंगाळावर वाकली. गोदूच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी आमच्या शाळेत बक्षीस समारंभालाही पाहिलेला नाही. पुढची सगळी सकाळ मुलं अंगणभर काटक्या शोधत फिरली. बुडणाऱ्या लाकडाचा एक ढीग, तरंगणाऱ्याचा दुसरा.

एक गोष्ट सांगायला हवी. तात्या जुन्या वळणाचे. मुलांनी प्यायच्या पाण्याच्या घागरी वेगवेगळ्या होत्या. पण घंगाळात ब्राह्मणाची, कुणब्याची, मुसलमानाची, ठाकराची अशी सगळ्यांची ओली मनगटं एकमेकांवर घासत होती, आणि ते कट्ट्यावरून पाहत होते. मी गोदूला हळूच विचारलं. ती म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी विचारलं त्यांना. म्हणाले, ते खेळातलं पाणी, त्याला विटाळ नाही. मी पुढे बोलले नाही. तेवढ्या फटीतून जितकं शिरता येईल तितकं शिरायचं."

शांता खांबाला टेकून उभी होती. तिला बोलवावं म्हणून गोदूने म्हटलं, "शांते, तागडीत टाकायला मला सात चिंचोके दे बाई."

शांता टोपलीकडे गेली आणि मूठभर चिंचोके घेऊन आली.

"हे सात आहेत का गं?"

शांताने चिंचोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि सुरात सुरुवात केली, "सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस…"

पाढा पुरा होईपर्यंत गोदूने तिला थांबवलं नाही. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. पाढा संपला. चिंचोके अजून मुठीतच होते.

"नवखी आहे, लाजली," मी म्हणाले.

"हो ना," गोदू म्हणाली. इतक्या मायेने म्हणाली की मला ते टोमण्याहून जास्त लागलं. तात्या तेव्हा आत देवपूजेला गेले होते. त्यांनी हे पाहिलं नाही.

गोमाजीच्या वावरात

शनिवारी संध्याकाळी गोमाजीने सगळ्या पोरांना पोपटीला बोलावलं. आपल्या हुरड्यासारखाच हा इकडचा थंडीतला थाट. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा भरायच्या, वर पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवायचं.

गोदूने ठकीला विचारलं, "यात पाणी किती घातलंस?"

"पानी नाय घालत बाई."

"अगोबाई! मग शेंगा शिजतील कशा? करपतील की."

पोरं विचारात पडली. कोणी म्हणालं जमिनीतून पाणी येतं, कोणी म्हणालं धुरात असतं. गोदू एकालाही चूक म्हणाली नाही. "मला काय ठाऊक? उघडल्यावर बघू." मला तर तिथेच सगळं समजावून सांगावंसं वाटत होतं, जीभ शिवशिवत होती. पण कोपर पुन्हा बसेल म्हणून गप्प राहिले.

आग विझली, गोमाजीने काठीने मडकं सुलटं केलं आणि वाफेचा असा लोट उठला की पोरं मागे सरली. ठकीने एक शेंग उचलली, फुंकर मारत सोलली, बोटांना लागलेला ओलावा निखाऱ्यांच्या उजेडात धरून पाहिला.

"पाला घामेजला!" ती म्हणाली. "शेंगंच्या पोटातच पानी व्हतं गं!"

त्या शेंगांची चव मी कशाशी तोलू? कोवळ्या पावट्याची उसळ आपण करतो, पण तिला हा धुराचा, रानपाल्याचा वास कुठून आणणार? शांताने बोटं चाटून खाल्ल्या आणि सालींचा ढीग करून बसली. जैनबने तिचा ढीग मोडून दोघींच्या साली समोरासमोर लावायला घेतल्या. कोणी जास्त खाल्ल्या, ते पाहायला. शांता आधी रुसली, मग वाकून बघू लागली. जोडी जोडी लावत जाता जैनबच्या बाजूला दोन साली जास्त उरल्या. शांताने मुकाट्याने आणखी दोन शेंगा खाल्ल्या.

खोपोली

रविवारी वर्गाला सुट्टी, आणि सोमवारचीही गोदूने दिली. गोदूची नणंद मनूताई खोपोलीला राहते, तिच्याकडे आम्ही एका रात्रीच्या मुक्कामाने निघालो. सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे किती, हे ड्रायव्हरच्या मनावर असतं. खालापूर तालुक्यात शिरेपर्यंत माझ्या मांडीवर शांता, शांताच्या मांडीवर परक्या बाईची कोंबडी, अशी व्यवस्था झाली होती.

खोपोली म्हणजे बोरघाटाचा पायथा. डोंगराच्या अंगावरून जाडजूड लोखंडी नळ सरळ खाली उतरलेत. वरच्या तलावांचं पाणी त्यांतून कोसळतं, खालच्या वीजघरातली चक्रं फिरवतं, आणि ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जाते. काम संपलेलं पाणी नदीत सोडून देतात. मनूताईचे यजमान त्याच वीजघरात कामाला. महादेवाच्या देवळाजवळ, तळ्याकाठी त्यांचं बिऱ्हाड.

मनूताईची विमल शांताच्याच वयाची. आल्याबरोबर तिने शांताचा हात धरला. "चल, माझी काठी दाखवते." आम्हीही मागोमाग गेलो. नदीच्या कडेला दगडांत एक काठी घट्ट रोवलेली, तिच्यावर ठिकठिकाणी चिंध्या बांधलेल्या. गोदूच्याच डोक्यातून निघालेलं हे काम. दिवाळीत आली होती तेव्हा भाचीला करून दिलेलं.

"लाल चिंधीपर्यंत पाणी असतं रोज," विमल म्हणाली. "आज बघ. आज पाण्याची सुट्टी."

खरंच, पाणी लाल चिंधीच्या खूप खाली, पांढऱ्या चिंधीलाही न पोचता दगडांतून सुळसुळत होतं.

"पाण्याला सुट्टी कोण देतं?" शांताने विचारलं.

मी चमकले. शांता हुशार, पण विचारणारी नव्हे. विचारलेलं सांगणारी. प्रश्न तिने कधी केला होता, मला आठवेना.

"रविवार देतो," विमल म्हणाली. तिच्यापुरतं ते पुरेसं होतं. शांताला पुरेना. जेवायला बसल्यावर तिने मनूताईच्या यजमानांना तोच प्रश्न टाकला. त्यांनी ताटातल्या भाताचा डोंगर केला, आमटीचा तलाव केला आणि बोटाने पाट काढून दाखवला. रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद, म्हणून वीज थोडी लागते, म्हणून पाणी थोडं सोडतात. मनूताई म्हणाली, "अहो, जेवा की नीट!" शांताचा भात गार होऊन गेला.

सोमवारी पहाटे तिने मला हलवून उठवलं. काठी पाहायची होती. उजाडल्यावर आम्ही सगळ्याच नदीवर गेलो. पाणी अजून उतरलेलंच होतं. गोदू आणि मी मधल्या एका सपाट दगडावर बसून मंगळवारच्या परीक्षेबद्दल बोलू लागलो. बाजूला न्याहारीचं गाठोडं ठेवलेलं. गोदू म्हणत होती, "पाढे आठवड्यात घोकून घेता आले असते गं. पण मग माझ्यात नि त्यांच्यात फरक काय?" आणि मी म्हणत होते, "फरक मनात ठेव, पडवी वाचव." बोलण्यात इतक्या बुडालो की विमल आणि शांता काठावरून ओरडत होत्या ते ऐकूच आलं नाही. ऐकलं तेव्हा सोमवारचं पाणी सुटून आलं होतं, पावलं भिजली होती. उठलो, पदर सावरले, एकमेकींना धरून काठाला आलो आणि मागे पाहिलं तर तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं डौलात वाहत चाललेलं.

"तरंगलं!" शांता टाळ्या पिटत ओरडली.

गोदू त्या ओल्या लुगड्यात पोट धरून हसली.

मंगळवार

सकाळी पडवी आणि अंगण भरून गेलं. गोमाजी होता, टोपी सारखी करत हमीदभाई आले होते, बुधीचा बाप धावू अंगणाच्या टोकाला आंब्याखाली उकिडवा बसला होता. ज्यांची मुलं वर्गात नव्हती असेही बरेच जण तमाशा पाहायला जमले होते. तात्यांनी धुतलेलं उपरणं घेतलं होतं. छडी आणली नव्हती. गोदू दाराशी उभी होती.

"ठकूबाई," तात्यांनी सुरुवात केली, "बे पंचे?"

ठकीने गोदूकडे पाहिलं. "बे म्हंजी काय?"

लोक हसले. गोमाजी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

तात्या हसले नाहीत. त्यांनी जैनबला विचारलं, "बे म्हणजे दोन. दोन पाच वेळा?" जैनबने दोन्ही हातांची बोटं पसरली, दोन-दोन मिटत गेली, ओठ हलले. ती बरोबर चालली होती, पण हळू. मागून कोणीतरी म्हणालं, "तवर बाजार उठंल!" पुन्हा हशा. जैनबची बोटं अडखळली आणि तिने हात मागे घेतले.

तात्यांनी शांताला पुढे बोलावलं. "बाळ, बाराचा म्हण."

शांताने हात जोडले आणि खणखणीत आवाजात पाढा म्हटला. बारा एके बारापासून बारा दाहे वीसासे, म्हणजे एकशेवीसपर्यंत, न थांबता, न चुकता. अंगणात कौतुकाची कुजबुज झाली.

"ऐकलंत?" तात्या लोकांना म्हणाले, आणि मग जड आवाजात, "सूनबाई, ऐकलंस?"

गोदू म्हणाली, "ऐकलं, मामंजी."

सगळे माझ्याकडे पाहत होते. अशी मुलगी घडवणारी आई म्हणून. पोरीचं कौतुक ऐकताना कोणत्या आईचा ऊर भरून येत नाही? माझाही आला. आणि त्याच वेळी मला ती पडवीतली मूठ आठवली. गप्प बसले असते तर कोणीच मला बोल लावला नसता. पण गोदूची पडवी माझ्या लेकीच्या तोंडून जाणार होती.

"तात्या," मी म्हणाले. "तिला पाढा येतो. पण छत्तीस म्हणजे किती, ते तिला ठाऊक नाही. मी पाहिलंय."

"असं कसं होईल?" तात्या म्हणाले. ते रागावले नव्हते, खरोखर गोंधळले होते. त्यांनी शांताला जवळ घेतलं. "बाळ, बारा त्रिक?"

"छत्तीस."

"मला छत्तीस चिंचोके आणून दे."

शांता टोपलीशी गेली आणि तिथेच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. मी उठणार होते, इतक्यात बुधी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि टोपली आडवी केली. जैनब आली, ठकी आली. कोणी कोणाला सांगितलं नाही. जैनबने बारा चिंचोके मोजून एक ओळ लावली. "हे बारा." बुधीने त्याखाली, एकेकाला एकेक गाठून, दुसरी ओळ लावली. मग ठकीने तिसरी.

"आता मोज," तात्या जैनबला म्हणाले.

जैनब बोट ठेवत मोजू लागली. वीसपर्यंत गेली आणि थांबली. वीसच्या पुढचं तिला येतच नव्हतं. तात्यांनी गोदूकडे पाहिलं. गोदूने मान खाली घातली. तो तिच्या शिकवण्यातला उणेपणा होता, आणि तो सगळ्यांसमोर आला होता.

पण शांताला शंभरपर्यंत आकडे पाठ होते. तिने बाहीने नाक पुसलं, खाली बसली, आणि जैनबचं बोट जिथे थांबलं होतं तिथे आपलं बोट ठेवलं. "एकवीस," ती म्हणाली. पुढच्यावर, "बावीस." सुरात नाही. एकेक करून, चिंचोक्याला हात लावून लावून. तीस. एकतीस. शेवटच्या चिंचोक्यावर तिचं बोट आलं.

"छत्तीस," ती पुटपुटली. मग तिने तिन्ही ओळींकडे पाहिलं, वरून खाली, आणि एकदम किंचाळली, "आई! बारा त्रिक छत्तीस! अगं, हे खरंच आहे!"

लोक हसले, पण आता ते हसणं निराळं होतं. तात्या हसले नाहीत. "खरंच आहे म्हणते," ते स्वतःशीच म्हणाले. मग विचारलं, "बारा चोक?"

उत्तर शांताच्या जिभेवर होतं, मला दिसत होतं. ते गिळून ती टोपलीकडे वळली. चारी पोरी चौथी ओळ लावू लागल्या. तात्या कट्ट्याला हात टेकत टेकत खाली उतरले, जमिनीवर मांडी घालून बसले, आणि ओळीतला एक वाकडा चिंचोका त्यांनी बोटाने सरळ केला.

ओळ पुरी होऊन अठ्ठेचाळीस झाल्यावर ते बोलले. "सूनबाई, पडवी तुझीच. पण विसाच्या पुढचं मोजणं यांना यायलाच हवं. ते मी घेईन. आणि पाढेही मीच म्हणवून घेईन. तुझं मांडून झाल्यावर."

"छडी?" गोदूने विचारलं.

"छडी कशाला?" तात्या म्हणाले. "तागडीला दांडी नीट नाही, तिला घाला."

गोमाजी मोठ्याने म्हणाला, "म्हंजी पोरी शाळंत ऱ्हानार ना तात्या? घरी ठेवू नका बाबा, म्हातारीला सुरी ठेवावी लागंल कमरंला!" हमीदभाईंनी दुकानातून गूळ-शेंगदाणे मागवले. वाटायला मुलांनाच बसवलं. वाटून होईपर्यंत बराच वेळ गेला, कारण कोणाच्याही हातावर दुसऱ्याहून एक दाणा जास्त गेलेला चालत नव्हता.

परत

बुधवारी निघालो. गोदूने मला कडकडून मिठी मारली आणि कानात म्हणाली, "जूनमध्ये तू काय करणार?" मी म्हटलं, "आधी चिंचेचं झाड शोधणार." मनात मात्र आमच्या शाळेचे चिटणीस उभे होते. पाच वर्षांच्या मुलांकडून पाढे म्हणवून घ्या, असं ते मला दोनदा बजावून गेलेत. त्यांना काय सांगायचं ते ठरलं होतं. ते ऐकतील की नाही, हे मला अजूनही माहीत नाही.

कर्जतला गाडी थांबली होती. घाट चढण्याआधी इथे मागून जादा इंजिन जोडतात. आता विजेची इंजिनं आल्यापासून धूर नाही, नुसती घरघर. मागून धक्का बसला तशी शांता खिडकीतून डोकावली.

"आई, मागे का लावलं?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी तिथेच अडवलं.

"तुला काय वाटतं?"

गाडी निघाली. दऱ्या खोल जात होत्या, बोगदे येत होते, अंधार आणि उजेड आळीपाळीने तिच्या तोंडावर पडत होते. ती खिडकीला गाल लावून कधी पुढे पाही, कधी मागे, कधी खाली सुटून गेलेल्या कर्जतच्या खाचरांकडे. मी तिला काही विचारलं नाही. एवढा वेळ गप्प बसणं मला आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

लोणावळ्याला गाडी थांबली. मागचं इंजिन सुटलं आणि एकटंच मागे मागे निघालं. शांता ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "चढ संपला."